निशिकांत भावजींचा अलार्म

निशिकांत भावजींनी ते अ‍ॅप माझ्या फोनमध्ये घातलं तेव्हा मी एकादशीसाठी भगर निवडत बसले होते. ते समोरच्या खुर्चीत, टेबलावर माझा फोन, आणि शेजारी त्यांच्या आलेखाच्या कागदांचा गठ्ठा.

"वहिनी, तुम्ही यात काही करायचं नाही," ते म्हणाले. "फोन वाजला की समजायचं, मी उत्तर देत नाहीये."

"कोणाला उत्तर देत नाही?"

"माझ्या फोनला."

मी भगरीतला खडा बोटात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा फोन त्यांना विचारणार, त्यांनी उत्तर दिलं नाही तर तो माझ्या फोनला कळवणार, आणि मग मी काही करायचं नाही. मग वाजायचं कशाला? पण हे विचारायचा धीर झाला नाही, कारण त्यांचा चेहरा फार दिवसांनी उजळलेला दिसत होता.

भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे मरीन कॉलेजपासूनचे मित्र. हे लवकरच जहाज सोडून सेम्बावांगच्या शिपयार्डात लागले, म्हणून आमचा संसार सिंगापूरला थाटला गेला. भावजी मात्र वीसेक वर्षं बोटीवरच राहिले, चीफ इंजिनिअर झाले. त्यांची बायको अनघा पुण्यात एकटीने मुलगी, जाई, वाढवत होती. शेवटी तिने सांगून टाकलं की आता बोट पुरे, आणि २०१६ च्या सुरुवातीला त्यांना हार्बरफ्रंटला जहाजांची देखभाल बघणाऱ्या एका कंपनीत जमिनीवरची नोकरी मिळाली. आमच्याच ब्लॉकमध्ये, चार मजले खाली, त्यांनी फ्लॅट घेतला भाड्याने. जाईला इथल्या शाळेत घातलं. पहिले काही महिने पोरीचे फार हाल झाले, कुणी मैत्रीण नाही, अभ्यास वेगळा. मग ती रुळली, आणि इतकी रुळली की मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत.

भावजींचं उलटं झालं. सुरुवातीला त्यांना बंदरात आलेल्या बोटी तपासायला पाठवत, तेव्हा सगळं ठीक होतं. पुढे टेबलावरचं काम आलं. रोज सकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, हार्बरफ्रंट, दिवसभर आतल्या भिंती नसलेल्या ऑफिसात, दुपारी फूड कोर्टात जेवण. एका दुपारी ते जेवणाचा ट्रे तसाच टाकून उठले आणि फेरी टर्मिनलच्या बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिथेच. ऑफिसचे लोक शोधत होते, फोन बंद.

आधी कान तपासले. कान उत्तम. मग एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की कान ऐकतात, पण ऐकलेलं गाळणारी जी मेंदूतली चाळणी असते ती थकली आहे. आवाज, दिवे, वास, सगळं एकदम आत येतं. अनघाने मला हे सांगितलं तेव्हा मी हो हो म्हटलं, पण मला पटलं नाही. जो माणूस वीस वर्षं इंजिनाच्या उशाशी झोपला त्याला फूड कोर्टातल्या ताटल्या सोसेनात, हे कसं? मला वाटलं कुणाची तरी दृष्ट लागली असेल. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायला सांगितल्या. अनघाने ओवाळल्याही. भावजी निमूटपणे बसले म्हणे, फक्त मोहऱ्या तडतडल्या तेव्हा उठून आतल्या खोलीत गेले.

साहेब माणूस चांगला होता. त्याने सांगितलं, दिवाळीपर्यंत घरून काम करा, दिवाळीनंतर मात्र रोज यावं लागेल, नाही जमलं तर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल. म्हणजे नोकरी गेली की भावजींचा एम्प्लॉयमेंट पास, इथे राहायचा परवाना, गेला, त्याच्या मागोमाग अनघाचा आणि जाईचा पास गेला, आणि नुकतीच रुजलेली ती पोर पुन्हा उपटायची. हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण त्या घरी चहाला गेलं की तेच टेबलावर मांडलेलं असायचं.

एकदा मीच विचारलं त्यांना, की भावजी, इंजिनाचा आवाज कसा चालायचा हो तुम्हाला?

ते म्हणाले, "इंजिनाचा आवाज एकच असतो, वहिनी. तो बंद पडला की जाग येते. आणि त्यावर दुसरं काही वाजलं, तर त्याला अर्थ असतो. एक टूं वाजलं की कुणीतरी उठायचंच. मी वीस वर्षं प्रत्येक टूंला उठलोय. इथे गेट वाजतं, दार वाजतं, लिफ्ट वाजते, माणसांचे फोन वाजतात, आणि कुणी उठतच नाही. मी एकटाच आतल्या आत उठत राहतो."

हे मला थोडं कळल्यासारखं वाटलं. पण मग त्यांनी मला विचारलं की तुम्ही रोज सकाळी जप करता, तेव्हा घरात मिक्सर चालू, टीव्ही चालू, तुम्हाला ऐकू कसं येत नाही, ती युक्ती सांगा, मला अ‍ॅपमध्ये घालायची आहे. काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. ऐकू येतं की सगळं. कुकरच्या शिट्ट्या मोजूनच मी माळ संपवते. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते खोडलं.

अ‍ॅपची कल्पना त्यांचीच. डॉक्टरबाईंनी म्हटलं होतं, कुठे किती त्रास होतो ते टिपून ठेवा. दुसऱ्या कुणी चार ओळी टिपल्या असत्या. भावजींनी बोटीवर गस्त घालून जसे आकडे नोंदवतात तसं सुरू केलं. अनघाला बरोबर घ्यायचं, आणि सेम्बावांगपासून एकेक स्टेशन करत आवाज मोजायचा, उजेड मोजायचा. कुठल्या टॉयलेटात हात वाळवायचं मशीन किंचाळतं, कुठल्या दुकानासमोर ड्युरियन फळाचा उग्र वास कोंडतो, प्लॅटफॉर्मचं कुठलं टोक शांत असतं. मग वाटलं, असे आणखीही लोक असतील, त्यांनाही उपयोग होईल.

ते फोनमध्ये उतरवायचं काम उल्काने घेतलं. ही आमच्या इथल्या मराठी मंडळातली मुलगी, तांजोंग पगारला एका ऑफिसात अ‍ॅप बनवायचंच काम करते. शनिवारी यायची, माझ्या जेवणाच्या टेबलावर दोघांचं चालायचं, कारण भावजींच्या घरी जाईचा अभ्यास असे. भावजींना पडद्यावर मीटर हवे होते. आवाजाचा एक, गर्दीचा एक, उजेडाचा एक, इंजिनरूममध्ये असतात तसे काट्यांचे. उल्का म्हणायची, "निशिकांतदादा, घाबरलेल्या माणसाला इतके मीटर दाखवलेत तर तो फोनलाच घाबरेल." ते म्हणायचे, मीटर दिसला की माणूस शांत होतो. ती म्हणायची, तुम्ही होता. मग दोघंही माझ्याकडे बघायचे, जसं काही मी पंच. मी म्हणायचे, काटे छान दिसतात पण मला त्यातलं काही कळत नाही. दोघांनाही वाटायचं मी त्यांच्या बाजूने बोलले.

खरं भांडण झालं ते अलार्मवरून. बोटीवर म्हणे रात्री इंजिनरूममध्ये कुणी नसतं, आणि काही बिघडलं तर एकच इंजिनिअर खाली उतरतो. उतरताना तो एक अलार्म चालू करतो. मग ठराविक वेळाने त्याने जाऊन बटण दाबायचं. नाही दाबलं, तर तो खाली पडला असं धरून सगळ्यांच्या केबिनमध्ये भोंगा वाजतो आणि सगळे धावतात. त्याला डेड मॅन अलार्म म्हणतात. नाव ऐकूनच मी देवाकडे बघून हात जोडले. भावजींना तो अ‍ॅपमध्ये हवाच होता. एकट्याने बाहेर पडायचं, वीस मिनिटांनी फोन थरथरणार, बटण दाबायचं. दाबलं नाही, तर अनघा, हे आणि मी, तिघांचे फोन वाजणार.

"लोकांना शांतता हवी म्हणून अ‍ॅप बनवतोय आपण," उल्का म्हणाली, "आणि त्यात भोंगा?"

"भोंगा माझ्याकडे नाही वाजत. तुमच्याकडे वाजतो."

"आणि मग आम्ही काय करायचं?"

"धावायचं," आमचे हे सोफ्यावरून म्हणाले. ते पेपर वाचत होते असं मला वाटलं होतं.

उल्काने हात टेकले. एवढंच म्हणाली की निदान अ‍ॅपला ते नाव नको, म्हणून नाव ठेवलं 'निवांत'. आणि भावजी मला मात्र म्हणाले होते, तुम्ही काही करायचं नाही. कदाचित माझ्या गुडघ्यांचा विचार केला असेल.

नवरात्र संपल्यावर पहिली चाचणी ठरली. सकाळच्या गर्दीत एकट्याने हार्बरफ्रंटला जायचं, ऑफिसच्या दारापर्यंत, आणि परत. सेम्बावांगहून धोबी घाट स्टेशन, तिथे गाडी बदलायची. मी सकाळी लवकर पूजेला बसले. मनात तेच होतं. फुलं वाहून झाली, उदबत्ती लावली, आणि आरतीसाठी घंटा उचलली तोच फोन वाजला. भावजींनी खऱ्या बोटीवरचा भोंगा टेप करून घातला होता. असा आवाज आमच्या देवघराने कधी ऐकला नसेल. घंटा माझ्या हातातून ताम्हनात पडली.

पाठोपाठ अनघाचा फोन. ती जिन्यातूनच बोलत होती, फोनवर ते धोबी घाटला थांबलेले दिसताहेत म्हणून. निरांजन विझू नये म्हणून मी त्यावर हात धरला, मग लक्षात आलं की घरात कुणी नसताना ते विझलेलंच बरं. देवाला म्हटलं, आल्यावर करते. टॅक्सीत अनघा सारखी त्यांना फोन लावत होती. रिंग जात होती, उचलत नव्हते. ह्यांनी शिपयार्डातून थेट त्या स्टेशनच्या ऑफिसला फोन केला आणि काय सांगितलं कोण जाणे, कारण आम्ही धोबी घाटला उतरलो तेव्हा वरच्या भोंग्यातून भावजींचं नाव पुकारलं जात होतं. परत परत. इंग्रजीत, चुकीच्या उच्चारात, सगळ्या स्टेशनभर.

ते प्लॅटफॉर्मच्या टोकाला खांबाआड जमिनीवर बसले होते, दोन्ही हात कानांवर. बाजूला दोन कर्मचारी, एकाचा वॉकीटॉकी खरखरत होता. एक चिनी आजीबाई त्यांच्या कपाळाला उग्र वासाचं तेल लावायला बघत होत्या आणि "अंकल, यू ओके? अंकल?" असं विचारत होत्या. मांडीवर त्यांचा फोन वाजत होता, अनघानेच लावलेला. तिला बंद करायचं सुचत नव्हतं.

मी काय केलं? मी खाली बसले, त्यांचा हात धरला आणि स्तोत्र म्हणायला लागले. मोठ्याने. मला दुसरं काही येतच नाही. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. ते देवाचं ऐकत होते, की मीसुद्धा त्या सगळ्या आवाजांतला एक आवाज होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर ते दिवसभर अंधार करून पडून होते. संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, उल्काही ऑफिसातून आली होती. भावजी बाहेर आले, भिंतीला टेकून उभे राहिले.

"मी ठीक होतो," ते म्हणाले. "ती जागा मीच शोधलेली, खांबाआडची. तिथे बसलो, डोळे मिटले, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की बटण दाबायचं विसरलो."

हे म्हणाले, की अलार्म वाजल्यावर न धावणारा इंजिनिअर त्यांनी अजून पाहिला नाही, आणि उद्या परत वाजला तर ते परत धावतील. भावजी म्हणाले, मला माहीत आहे, प्रताप, मीही धावलो असतो. अनघा रडायला लागली. ती म्हणत होती की बरे होतात तर फोन का नाही उचललात. ते म्हणाले, उचलायला घेतला तेव्हा बरा नव्हतो.

जाई आतून आली. तिने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. "पप्पा वॉज ओके, लाह. व्हाय आर यू ऑल सो कांचोंग?" लाह हे इथल्या बोलण्याचं शेपूट, आणि कांचोंग म्हणतात उगाच घायकुतीला येणाऱ्याला. अनघाने तिला गप्प बसायला सांगितलं. पण भावजी तिच्याकडे बघत होते.

"बोटीवर माणूस गप्प झाला म्हणजे पडला," ते हळूच म्हणाले. "इथे मी गप्प होतो तेव्हा काय झालेलं असतं, ते मलाच नक्की सांगता येत नाही. मग ते यंत्र कसं सांगणार?"

त्या दिवशी माझ्या रोजनिशीच्या वहीत मी तारीख घातली आणि पुढे लिहायला काही सुचलं नाही. माणूस अडचणीत आहे म्हटल्यावर जायचं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. आजाऱ्याकडे जायचं, ज्याच्या घरी कुणी गेलं त्याच्याकडे जायचं, बोलावलं नाही तरी जायचं, बसायचं, दोन शब्द बोलायचे. ह्यात चूक कुठे? आणि चूक नाही तर मग तो माणूस खांबाआड कान झाकून का बसला होता?

पुढच्या शनिवारी उल्का आली तेव्हा भावजींनी स्वतःच सगळे मीटर काढून टाकले. एक ठेवला, आवाजाचा. भोंगा काढला. त्याच्या जागी दोन बटणं. एक दाबलं की आम्हाला आवाज न करता अक्षरं येणार, 'थांबलो आहे. येऊ नका.' दुसरं दाबलं की, 'या.' बस.

"आणि दोन्ही दाबली नाहीत तर?" अनघाने विचारलं.

"तर मी चालतोय."

"हे तुम्ही म्हणता."

"आता अ‍ॅपचं काही उरलं नाही टेस्ट करायला," उल्का म्हणाली. "आता तुमचं तिघांचं टेस्टिंग आहे." ती हसत म्हणाली.

दिवाळीच्या आधीच्या दिवसांत दुसरी चाचणी. आमच्याकडे चकल्यांचं चाललं होतं. अनघाला एकटीला घरी बसवेना म्हणून ती माझ्याकडे आली होती. चकलीचा सोऱ्या तिच्या हातात होता पण ती पिळत नव्हती. फोन दोन्ही ओट्यावर, तेलापासून लांब. भावजी निघून बराच वेळ झाला आणि दोन्ही फोनांवर एकदमच अक्षरं उमटली. थांबलो आहे. येऊ नका.

अनघाने सोऱ्या ठेवला, हात पुसले, बाहेरच्या खोलीत गेली. मी गॅस बंद करून गेले तर ती चपला घालून दारापाशी खुर्चीवर बसली होती. ह्यांचा फोन आला, जाऊ का म्हणून. नको म्हटलं. नक्की? नक्की नाही हो, पण नको.

मग मी देवापुढे बसले. आणि तिथे मला काही म्हणता येईना. आपली सगळी स्तोत्रं, सगळ्या आरत्या, देवा धावत ये, देवा लवकर ये, असंच म्हणतात. इकडे तो माणूस लेखी कळवतोय की येऊ नका. देवाला हे लागू होतं का? देव गेला तर भावजींना त्याचा आवाज होईल का? मला वेड्यासारखे प्रश्न पडत होते. शेवटी मी माळ हातात घेतली आणि मुकाट्याने बसले, नाम न घेता. असं मी कधी केलेलं नाही. ते पुण्यात धरतात की पापात, माहीत नाही.

मधेच परत तीच अक्षरं आली. अनघा उठून उभी राहिली, दाराच्या कडीवर हात ठेवून. मी लांबूनच बघत होते. तिला धरावं की सोडावं? ती तशीच उभी राहिली. मग वळली, आणि चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली, सोऱ्या उचलला आणि थंड तेलासमोर उभी राहून ताटलीत चकल्या पाडायला लागली. वेड्यावाकड्या. मी गॅस लावला. चपलांचं काही बोलले नाही, माझ्या स्वयंपाकघरात असूनही.

चकल्यांचा दुसरा घाणा निघाला तेव्हा भावजींचा साधा मेसेज आला, अ‍ॅपमधला नव्हे. 'ऑफिसच्या दारात आहे. आत जातो.'

संध्याकाळी ते परत आले. अनघाने विचारलं, कसं झालं? ते बूट काढत होते. म्हणाले, "कळत नाही. वाईट झालं नाही." जेवण जिन्यात बसून केलं होतं. साहेबाने बघितलं आणि काही न बोलता पुढे गेला. अनघा म्हणाली, मला दोनदा मरायला झालं. ते म्हणाले, मलाही. मग दोघंही हसली आणि मला कळेना मी थांबावं की जावं. मी गेले.

दिवाळीनंतरच्या सोमवारपासून ते रोज जायला लागले. मधे दोन दिवस अर्ध्या वाटेतून परत आले, ते ऑफिसला तसंच कळवलं, आणि साहेबाने चालवून घेतलं. वर्ष सरता सरता कंपनीने त्यांना ठेवून घ्यायचं ठरवलं. पास राहिला, जाईची शाळा राहिली. 'निवांत' उल्काने लोकांसाठी खुलं केलं. थोड्या लोकांनी घेतलं, त्यातल्या एका बाईंनी कळवलं की आमच्या घरच्यांना 'येऊ नका' वाचता येत नाही, काय करू. भावजी त्या पत्रावर बरेच दिवस उत्तर शोधत होते.

जानेवारीत एका सकाळी मी लिटल इंडियातून फुलं आणायला निघाले होते. सेम्बावांगच्या प्लॅटफॉर्मवर, अगदी टोकाला, भावजी उभे होते. फोन हातात, नजर खाली. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. एरवी मी विचारलं असतं, काय भावजी, निघालात का? दिसतंच आहे की निघाले आहेत, तरी विचारायचं असतं. त्या दिवशी तोंड उघडलं आणि मिटलं. अ‍ॅपमध्ये काही आलेलं नव्हतं, ना येऊ नका, ना या. म्हणजे चालताहेत. चालणाऱ्या माणसाशी बोलायचं का, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मान वर केली, मला बघितलं. मी चटकन इंडिकेटरकडे बघायला लागले, गाडी किती मिनिटांत येते ते. गाडी आली. ते त्यांच्या दारातून चढले, मी माझ्या.

संध्याकाळी अनघा वाटी परत द्यायला आली. दारातच घुटमळली.

"वहिनी, एक विचारू का? हे विचारत होते, तुम्ही रागावल्यात का त्यांच्यावर."

मी म्हटलं, अगं मी कशाला रागावेन. आणि मग तिलाच विचारलं, की पुढच्या वेळी नुसती मान हलवली तर चालेल का त्यांना.

ती विचारात पडली. म्हणाली, "विचारून सांगते."